रुमालाखालचा इसार

गेनूशेटने रुपये मोजले ते भर बाजारात, चार माणसं उभी आहेत असं बघून, मुद्दाम. भोरचा मंगळवारचा जनावरांचा बाजार म्हणजे नीरेच्या काठी नुसता धुरळा आणि हंबरणं, पण शेटचा आवाज त्याच्याही वर चढला. समोर हिर्डोशीकडचा बाजी धनगर उभा होता आणि त्याच्यामागे त्याची बायको भामाबाई. शेटने घोंगडीवर चांदीचे रुपये ओळीने टाकले आणि हात झटकले.

"चाळीस. हा तुझा इसार बाजी, उचल. आमची भावजय अंगठा देत नाही, जागेचा सौदा मोडला, त्याला माझा इलाज नाही. पण गेनूशेटनं गरिबाचा पैसा दाबला असं कुणी म्हणायला नको."

लोकांनी माना डोलावल्या. भामाबाईला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यातच चूक झाली. मग नवऱ्याच्या मानेवरची शीर तटतटलेली दिसली.

"शेट, येकशेवीस दिल्यात म्या," बाजी म्हणाला.

गेनूशेट हसला. ते हसणं खोटं वाटत नव्हतं, त्यात खरी चीड होती. समोरचा माणूस धडधडीत थाप मारतोय हे पक्कं ठाऊक असावं, तसा तो हसला. "एकशेवीस? अरे, सांगताना काही लाज? कुणी बघितलं?"

कुणी बघितलं, हाच तर घोळ होता. बघणारा एकच, लतीफ दलाल, आणि तो शेजारी बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. भोरपासून कापूरहोळपर्यंत आणि तिकडे वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर जनावराचा सौदा म्हटला की लतीफचा रुमाल. घेणाऱ्याने रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. मग लतीफ विकणाऱ्याच्या हातात हात घालणार. आकडा तोंडाने उच्चारायचा नाही. वीस वर्षांत त्याच्या रुमालावरून भांडण झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"लतीफभाई, सांगा की ह्यांला," बाजी म्हणाला.

लतीफने बैलाच्या पाठीवरचा हात काढला नाही. "बाजी, रुमालाखालचं म्या बोलत न्हाई. तुझ्याबी न्हाई आन् शेटच्याबी न्हाई. तुला ठावं हाय."

बाजी पुढे झेपावला तेव्हा चौघांनी त्याला धरलं. चाळीस रुपये तसेच घोंगडीवर राहिले. म्हातारे आबा, बाजारातल्या पंचांचे म्होरके, मध्ये पडले म्हणून निभावलं. ते म्हणाले, पुढच्या मंगळवारी बाजार भरायच्या आधी पंच बसवू, तोवर हे चाळीस माझ्याकडे राहतील.

आता खरं सांगायचं तर मूर्खपणा बाजीचाच होता, आणि भामाबाईने तो त्याला घरी जाताना पायवाटेने सांगितलाही. एकशेवीस रुपये म्हणजे त्यांच्या दोन दुभत्या म्हशी, मोरी आणि कोंडी. हिर्डोशीच्या वर डोंगराच्या खांद्यावर चार घरांचा त्यांचा वाडा. पावसाळ्यात खाली उतरायची वाट बंद व्हायची, दूध आटवून खवा करावा तर तोही घरात आंबायचा. म्हणून भोरच्या वेशीला गेनूशेटची पडीक जागा घ्यायची, तिथे गोठा घालायचा आणि गावात रतिबाचं दूध घालायचं असं ठरलं. इसारासाठी दोन म्हशी विकल्या. राहिली एक, तीही भाकड. पण बाजीने आयुष्यात जनावराखेरीज काही विकत घेतलेलं नव्हतं. त्याने जागाही म्हशीसारखीच घेतली. लतीफच्या रुमालाखाली हात घातला, आकडा दाबला, रुपयांची पुरचुंडी लतीफच्या हाती दिली आणि दुकानाबाहेर बिडी ओढत बसला. लतीफ आत जाऊन शेटला पैसे देऊन आला. दोघांकडून दोन-दोन रुपये दलाली त्याने उघड घेतली. झाला सौदा.

"जागा हाय का रेडी हाय? कागूद कराय काय झालं हुतं?" भामाबाई म्हणाली.

"लतीफभाईचा रुमाल हुता की."

"मंग आता लाव त्यो रुमाल डोळ्याला."

आणि शेटला तरी कागद कुठे हवा होता? जागेत अर्धा वाटा त्याच्या विधवा भावजयीचा, फुलाबाईचा. किती इसार आला हे तिला कळू नये म्हणून त्याला रुमाल बरा वाटला. तिला त्याने चाळीस सांगितले. ती काही दूधखुळी नव्हती. एवढ्या जागेला चाळीसच इसार कसा, म्हणून तिने अंगठाच द्यायचं नाकारलं, आणि सौदा तिथेच मोडला.

संस्थानच्या कोर्टात जावं तर वकील पहिल्यांदा कागद मागणार. कागद नाही म्हटल्यावर तो दारातूनच वाट दाखवणार. उरले पंच.

त्या आठवड्यात बाजी घरात बोलेनासा झाला. शिव्या दिल्या असत्या, आदळआपट केली असती तर भामाबाईला बरं वाटलं असतं. तो कोयता घेऊन दगडावर घासत बसायचा. पाणी शिंपडायचा, पुन्हा घासायचा. शनिवारी ती म्हणाली, "धार लागली न्हाई व्हय अजून?" त्यावर तो म्हणाला, "शेट वसुलीला आपल्या वाड्याकडं येतो. येकटाच येतो." एवढंच बोलला. म्हशी तर गेल्याच होत्या, आता माणूसही जायची वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कुणाला न सांगता भोरची वाट चालू लागली.

लतीफचं घर नदीकडच्या अंगाला, मातीचं, पुढे दोन बैल बांधलेले. त्याच्या बायकोने, सुगराने, तिला आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं, भाकरी वाढली. भामाबाईने भाकरीला हात लावला नाही.

"लतीफभाई, येक आकडा बोला. माजं घर ऱ्हाईल."

लतीफ भिंतीला टेकून बसला होता. "बाई, माजा बाप हाच धंदा करायचा. त्यानं मरताना जिमीन न्हाई ठिवली, रुमाल ठिवला. आज म्या तुमच्यासाटी आकडा बोललो, तर उद्या बाजारात कोण हात दील? लोक म्हणतील, आज ह्येचा बोलला, उद्या आपला बोलंल. आमी खायचं काय?"

"आन् आमी?"

"तुमचं खोटं हाय असं म्या कुठं म्हनतोय?"

"तुमी कायबी म्हनत न्हाई, त्येचाच तर जाच हाय. माजा मानूस कोयता पाजळून बसलाय. त्यो शेटला तोडील, मंग त्येला फाशी दितील. तवा तुमचा रुमाल कुणाच्या तोंडावर घालू?"

सुगरा चुलीपाशी उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. लतीफच्या कपाळावर घाम आला होता. भामाबाईला वाटलं, हा भला माणूस आहे, धंद्याच्या रीतीत अडकलाय. तिला त्याची थोडी कीवही आली. ती उठली, भाकरी तशीच ठेवून निघाली आणि दारात म्हणाली, "मंगळवारी पंचात या. बोलू नगा, पर या."

परतीच्या वाटेवर चढ लागला, दम लागला, ती एका दगडावर बसली आणि तिथे तिला तिच्या बापाची एक गोष्ट आठवली. बापाने एकदा खोंडाचा सौदा केला होता, इसार दिला होता, आणि घरी मयत झाल्याने बाकी पैसे उभे राहिले नाहीत. तेव्हा त्याने तो सौदा तसाच्या तसा दुसऱ्या एकाला देऊन टाकला. बाजारात हे नेहमीच चालतं. सौदा ज्याने पुढे घेतला त्याला दलाल रुमालाखाली सगळा आकडा दाखवतो. दाखवावाच लागतो, नाहीतर नव्या माणसाने पैसे द्यायचे कुणाला आणि किती? ही काही चोरी नाही, ही रीतच आहे. भामाबाई दगडावरून उठली ती जवळजवळ पळतच घरी गेली.

मंगळवारी चावडीच्या ओट्यावर पंच बसले. आबा मध्ये, एका बाजूला गेनूशेट, दुसऱ्या बाजूला बाजी. फुलाबाई पदर ओढून कोपऱ्यात. लतीफ खाली, पायरीशी. आणि ओट्याभोवती निम्मा बाजार. बाजीने अंगावर घोंगडी घेतली होती आणि ती एका बाजूला फुगलेली होती. घोंगडीखाली काय आहे हे भामाबाईला ठाऊक होतं. ती त्याला अगदी खेटून बसली.

आबांनी विचारलं, शेट म्हणाला चाळीस. बाजी म्हणाला एकशेवीस. आबांनी लतीफकडे पाहिलं, लतीफने मान खाली घातली. मग आबा म्हणाले, शपथेला भंडारा उचलता का? बाजी म्हणाला उचलतो. गेनूशेटही म्हणाला, "मीही उचलतो, माझ्या मनात पाप नाही," आणि हे तो अशा ठसक्यात म्हणाला की लोक कुजबुजायला लागले. दोघंही शपथेला तयार म्हटल्यावर पंचांना एकच वाट उरते, मधला आकडा. एक पंच तसं म्हणालाही. चाळीस आणि एकशेवीस, ऐंशीवर मिटवा.

बाजीचा हात घोंगडीत गेला. भामाबाईने तो घोंगडीवरूनच दाबून धरला आणि उभी न राहताच बोलली.

"आबा, मला बोलायचंय."

बाईमाणसाने पंचात बोलायची रीत नव्हती, पण आबांना नातवंडं होती आणि थोडीफार दयाही. "बोल पोरी."

"आमाला ऐंशी नगंत आन् जागाबी नगं. आमी आमचा सौदा तुमाला दिला. जागा घ्या न्हाईतर इसार घ्या, आता त्यो तुमचा. तुमी घेताय का?"

आबा गोंधळले. मग त्यांच्या सुरकुत्यांत काहीतरी हललं. त्यांनी जन्मभर बैल घेतले-विकले होते. ते हळूच म्हणाले, "घेतला."

"मंग लतीफभाई, नव्या धन्याला आकडा दावा. तोंडानं बोलू नगा."

बाजूला कुणीतरी "रीतच हाय" असं म्हणालं आणि त्याला दुजोरा देणारे आणखी दोघं निघाले. लतीफ पायरीवरून उठला. पाच पावलांची वाट, पण त्याने ती चालायला एवढा वेळ घेतला की भामाबाईला वाटलं, हा आता मागे वळून पळणार. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, आबांच्या हातावर टाकला, आपला हात आत घातला. रुमाल हलला, थांबला, पुन्हा हलला. लतीफने हात बाहेर काढला आणि रुमालाने तोंड पुसलं.

आबांनी चाळीस रुपये शेटपुढे सरकवले. "शेट, सौदा आता माझा हाय. जागा दिता?"

"भावजय अंगठा..."

"मंग इसार मोजा. म्या बास म्हनंपर्यंत मोजा."

हे मात्र गेनूशेटच्या पाचावर धारण बसवणारं होतं. आबांना खोटं पाडायचं म्हणजे या बाजारात पुन्हा जनावर घ्यायची सोय नाही. त्याने नोकराला दुकानात पिटाळलं, पिशवी मागवली. चाळिसाच्या पुढे मोजायला लागला. पन्नास झाले. आबा गप्प. साठ. कोपऱ्यातून फुलाबाईने पदर मागे सारला आणि दिराच्या हाताकडे टक लावून बघायला लागली. सत्तर, ऐंशी. लोक आता एकेका रुपयाबरोबर पुटपुटत होते. बाजीचा हात भामाबाईच्या हाताखाली सैल झाला.

शंभरावर गेनूशेट थांबला. त्याने पिशवीचं तोंड आवळलं.

आबा काही बोलले नाहीत.

"झाले की," गेनूशेट म्हणाला. "शंभरच होते."

आबा गप्पच. लोक हसायला लागले. "आता चाळिसाचे शंभर झाले, अजून येतील, मोजा शेट," असं मागून कुणीतरी ओरडलं. गेनूशेटचा चेहरा काळा-निळा झाला. त्याने दोन्ही हात जोडले. "आईशप्पथ, माझ्या लेकरांची शप्पथ, शंभरच आले माझ्या हातात. ते साठ मी दाबले, कबूल, पण शंभरावर दिडकी आली असेल तर माझं वाटोळं होईल."

कुणीही विश्वास ठेवला नाही. एका भामाबाईने ठेवला. मघाशी चाळिसाची शपथ घ्यायला निघालेल्या या माणसाचा आत्ताचा आवाज निराळा होता. माणूस मारातून सुटायला रडतो ते रडणं वेगळं आणि आपल्यावर खोटा आळ आला म्हणून रडतो ते वेगळं, आणि पोरं वाढवलेल्या बाईला ते बरोबर कळतं. बाजीने एकशेवीस दिले होते, ते तिने स्वतः पुरचुंडीत बांधले होते. शेटला शंभर मिळाले होते. मधे एकच हात होता.

तिने लतीफकडे बघितलं. लतीफ कुणाकडेच बघत नव्हता.

तिला सगळं कळलं: रविवारचा घाम, सुगराने काढून घेतलेली नजर. रीत, बाप, रुमाल, पोटाला काय खायचं, हे सगळं खरं असेल, पण त्या सगळ्याच्या खाली वीस रुपये होते. तिचा संताप डोक्यात गेला. बोलावं? बोलली तर शेट सुटेल आणि भांडण लतीफवर जाईल, तो नाही म्हणेल, पुन्हा शपथा, पुन्हा भंडारा. गप्प बसली तर शेट मुकाट्याने अजून वीस काढेल, लबाडाला चांगली अद्दल घडेल आणि मोरी-कोंडीच्या जागी दोन म्हशी पुरत्या येतील. शेटने तर साठ रुपये गिळले होते, त्याच्यासाठी तिने तोंड का उघडावं? तिने ओठ घट्ट मिटले. देवाला माहीत, तिला त्याची लाज वाटली नाही.

गेनूशेट रडत रडत पिशवीचं तोंड सोडू लागला.

"थांबा शेट," लतीफ म्हणाला.

तो पुढे आला. कमरेचा कसा सोडला. रुपये काढले, एकेक करून शेटच्या शंभरावर ठेवले. दोन रुपये ओट्यावरून घरंगळले आणि कुणीतरी ते उचलून मुकाट्याने परत ठेवले. विसावा रुपया ठेवल्यावर आबा म्हणाले, "बास."

लतीफला शिवी घालायलाही कुणाला सुचलं नाही. ओट्याभोवती उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी त्या रुमालाखाली हात घातला होता. वेल्ह्याचा एक म्हातारा बोटांवर काहीतरी मोजू लागला. त्याच्या शेजारचाही. ज्याला त्याला आपापले बैल, आपापल्या गायी, आपापली विकलेली वासरं आठवत होती आणि त्यातलं किती खरं होतं हे आता कधीच कळणार नव्हतं. लतीफ त्या सगळ्यांच्या मधून चालत गेला. त्याला वाट मोकळी करून दिली, पण कुणाचा खांदासुद्धा त्याला लागू दिला नाही.

आबांनी सौदा मोडल्याचं सांगितलं आणि रुपये बाजीच्या पदरात घातले. बाजीने घोंगडीतून कोयता काढला तेव्हा जवळचे दोघं मागे सरले, पण त्याने तो फक्त भामाबाईच्या हातात दिला, रुपये बांधायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. तेव्हा कुठे तिला रडू आलं. ती तिथेच बसून मोठ्याने रडली, आणि तिला आवरायला फुलाबाई आली.

बाजार भरला होता. दुपारपर्यंत बाजीने दोन म्हशी हेरल्या, शिंगं बघितली, कास बघितली. भाव करायचा म्हटल्यावर मात्र तो अडला. आजूबाजूला दोन-तीन दलाल खांद्यावर रुमाल टाकून घुटमळत होते.

"कुणाला घ्यायचा?" त्याने बायकोला विचारलं.

भामाबाईने नदीकडे बोट केलं. लतीफ त्याच्या घरापुढच्या दोन बैलांना पाणी पाजत होता. एकटाच.

"त्येला?" बाजी भडकला. "वीस रुपये खाल्ले त्यानं आपले. डोकं फिरलंय का तुजं?"

"ह्या बाकीच्यांनी किती खाल्लं त्ये तुला ठावं हाय का?" भामाबाई म्हणाली. "त्येचं ठावं हाय. आन् त्येनं त्ये सोताच्या हातानं परत ठिवलं, कुणी मागितलं नसताना. जा, बोलाव त्येला. म्हनावं, रुमाल घरी ठिव, भाव तोंडानं बोल."